‘ये’ म्हणायचं नाही

माझ्या चष्म्याच्या दुकानात काउंटरखालच्या शेवटच्या खणात एक जुना चष्मा आहे. काळी, जाडसर फ्रेम, आता कुणी फुकट दिली तरी घालणार नाही अशी. चष्म्याच्या घरावर कुणाचं नाव नाही, आत नंबरची चिठ्ठी नाही. दर दिवाळीला दुकान आवरताना बायको तो बाहेर काढते आणि विचारते, “हा ठेवायचाच आहे का अजून?” मी म्हणतो, “ठेव.” मग ती तो पुसून परत ठेवते. कुणाचा आहे ते तिला चांगलं माहीत आहे, तरी विचारते. खारकर बाई असत्या तर डोळे बारीक करून म्हणाल्या असत्या, “हिने चष्म्याबद्दल विचारलेलंच नाही. आता पोटातलं सांग.”

पोटातलं हा बाईंचा शब्द. डोंबिवलीत कोपरच्या बाजूला एका शाळेच्या पहिल्या मजल्यावर त्या रविवारी सकाळी नाट्यवर्ग घ्यायच्या. बँकेतले लोक, कॉलेजची पोरं, एक-दोन निवृत्त गृहस्थ, एक नर्स आणि मी. कॉलेजात एकांकिका केल्या होत्या एवढंच माझं भांडवल. रविवारी दुकान बंद, आणि “घरात बसून माझं डोकं खाऊ नकोस” असं बायकोने स्वच्छ सांगितल्यामुळे मी तिथे जाऊन पडलो. पहिल्याच दिवशी बाईंनी सांगितलं, “नट बोलतो ते ओठातलं. ते लेखकाने लिहून दिलेलं असतं, त्यात तुमची काही कर्तबगारी नाही. न बोलता जे ऐकू जातं ते पोटातलं. इंग्रजी पुस्तकं त्याला सबटेक्स्ट म्हणतात. आपण डोंबिवलीत पोटातलं म्हणू.”

बाई तेव्हा साठीला टेकलेल्या. सुती साडी आणि तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, कारण वर्गात त्या खुर्चीवर कधी बसल्याच नाहीत. फिरत राहायच्या, दमल्या की स्टेजच्या पायरीवर टेकायच्या आणि कमरेच्या डबीतून आवळासुपारी काढून तोंडात टाकायच्या. सुपारी तोंडात गेली की समजायचं, समोरचा वाईट काम करतोय. माझ्या पहिल्या महिन्यात बाईंची डबी बहुधा दर आठवड्याला भरावी लागली असेल.

पहिला खेळ मिठाचा होता. दोघं जेवायला बसलेत. एकाने म्हणायचं, “मीठ दे.” दुसऱ्याने म्हणायचं, “घे.” बस, एवढंच नाटक. पण सुरू करण्याआधी बाई प्रत्येकाच्या कानात काहीतरी सांगायच्या. माझ्या कानात सांगितलं, “हिने तुझ्या आईचं सामान भावाकडे पाठवून दिलंय. तुला आत्ता कळलं.” मी बसलो आणि घर हादरेल असा ओरडलो, “मीठ दे!”

बाईंनी सुपारी टाकली. “अरे चष्मेवाल्या, मीठ मागतोयस का खून करतोयस? राग कळला हो आम्हाला. पण एवढं ओरडायचं तर मीठ मधे कशाला आणलंस? मनापासून रागावलेला माणूस मीठ फार हळू मागतो. घरी जाऊन बघ.”

घरी जाऊन बघितलं. बाईंचं खरं होतं, पण ते कसं कळलं हे मी इथे लिहिणार नाही, बायको हे वाचणार आहे.

वर्गाबाहेरही बाईंचा हा उद्योग चालूच असायचा. भाजी घ्यायला त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे करमणूक. पुलाखाली बसणारी आगरी मावशी म्हणायची, “घ्या ना बाय, ताजी हाय मेथी.” बाई जुडी खाली ठेवायच्या. “नुसतं ‘ताजी आहे’ म्हणाली असतीस तर घेतली असती. ‘घ्या ना’ म्हणालीस, म्हणजे कालची आहे.” मावशी हसून लोटपोट. “या बायला भाजी इकायची म्हंजे परीक्षाच हाय गो!” आणि टोपलीखालून ताजी जुडी काढून द्यायची.

आणखी एक सवय होती, ती माझ्या पुष्कळ उशिरा लक्षात आली. वर्ग सुटला की आम्ही सगळे “येतो बाई”, “चला, येते” करत पांगायचो. आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, येतोच म्हणतात. बाई मात्र हात जोडून म्हणायच्या, “चला, निघते.” भाजीवालीला, रिक्षावाल्याला, शाळेच्या शिपायाला, सगळ्यांना निघते. ‘येते’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून कुणाचा निरोप घेताना ऐकला नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर एका रविवारी त्यांनी नवा खेळ काढला. स्टेजवर एक खुर्ची ठेवली, तिच्यावर कॉलेजच्या एका पोराला बसवलं आणि सांगितलं, “तू बोलायचं नाहीस. काहीही झालं तरी नाही.” मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, “हा माणूस घर सोडून गेलाय. आज तुम्हाला सापडलाय. एकेकाने जायचं, त्याच्याशी बोलायचं आणि निघायचं. त्याला घरी बोलवायचं आहे, पण ‘ये’ म्हणायचं नाही. यायचं कुठलंही रूप तोंडातून निघालं की तुम्ही बाद. परत फिर, घरी चल, असलंही काही नाही.”

वाटलं, सोपं आहे. रोहन नावाचा एक उत्साही मुलगा आधी गेला. क्रिकेट, मित्र, कट्ट्यावरच्या गप्पा, फार छान बोलला. मग उठला, खुर्चीतल्याच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, “चल, येतो मी.”

बाईंनी टाळी वाजवली. “बाद!”

सगळा वर्ग हसला. पुढचा गेला, तोही शेवटच्या पायरीवर “बरं, येतो” म्हणून बाद. तिसरी ओठ चावत चावत उठली, दारापर्यंत पोचली आणि सवयीने “येते हं” म्हणून गेली. रोहन वैतागला. “अहो बाई, ही चीटिंग आहे! मग निघताना काय बोलायचं माणसाने? जातो बोलू?”

“निघतो म्हण. निघतो चालेल,” बाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, “किंवा म्हणून बघ ना. म्हण, ‘जातो.’”

रोहन खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं. परत उघडलं. खेळच होता तो, समोर बसलेला त्याच्याच वर्गातला मित्र होता. पण त्याला काही म्हणता येईना. “नको ना बाई, कसंतरी वाटतं,” म्हणाला आणि जाऊन बसला. हसणं थांबलं होतं. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या.

त्यानंतर तो खेळ दर रविवारी व्हायला लागला. आम्ही हळूहळू तरबेज झालो. कुणी म्हणायचं, तुझ्या खोलीतला पंखा आता आवाज करत नाही, दुरुस्त करून घेतला. कुणी म्हणायचं, अळूवड्या केल्यात, तुझ्या वाटणीच्या वाफवून ठेवल्यात, तळायच्या बाकी आहेत. प्रज्ञा जाधव, आमच्यातली नर्स, फार कमी बोलायची. ती एकदा खुर्चीपाशी उकिडवी बसली आणि म्हणाली, “तुझ्या चपला बाहेरच राहिलेल्या रे. भिजत होत्या. मी घरात घेतल्यात.” आणि उठून निघून गेली. बाई पायरीवर बसल्या होत्या. “परत एकदा म्हण गं,” असं त्यांनी हळूच सांगितलं. प्रज्ञाने परत म्हटलं. बाईंचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

माझी पाळी आली तेव्हा मी आपला आपल्या धंद्यातलं बोललो. “तुझा चष्मा माझ्या दुकानात ठेवलाय. दांडी सैल झाली होती ती घट्ट केली. नाकाला टोचायचं ना, ते पॅडही बदललेत.” बाईंनी सुपारीची डबी उघडली आणि तशीच मिटली. मला त्या दिवशी एखादं बक्षीस मिळाल्यासारखं झालं.

दोन-तीन दिवसांनी बाई दुकानात आल्या. पर्समधून काळ्या फ्रेमचा एक चष्मा काढून काउंटरवर ठेवला. बाईंचा नव्हता. “दांडी घट्ट करून दे. आणि नाकाचे पॅड बदल.” मी त्यांच्याकडे पाहिलं, त्या शोकेसमधल्या गॉगलांकडे बघत होत्या. मी काम करून दिलं. पिवळे पडलेले पॅड काढले तेव्हा त्यांनी ते मागून घेतले आणि रुमालात बांधले.

बाई वर्गाला कधी चुकल्या नाहीत, म्हणून एका रविवारी आल्या नाहीत तेव्हा सगळे घाबरले. मला त्यांच्या घरी पिटाळलं. डोंबिवली पश्चिमेला तीन मजल्यांची, लिफ्ट नसलेली जुनी इमारत, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दार बाईंनीच उघडलं. पाय मुरगळला होता, बाकी ठणठणीत. “बस, चहा टाकते,” म्हणून लंगडत आत गेल्या.

मी बसायला गेलो आणि दाराच्या आत, भिंतीशी पुरुषी चपलांचा एक जोड दिसला. टाचा झिजलेल्या, पण धुऊन पुसून ठेवलेल्या. बाईंचे यजमान तर कितीतरी वर्षांपूर्वी वारले होते. वर पंखा फिरत होता, त्याचा अजिबात आवाज येत नव्हता. फडताळावर, माझ्याच दुकानातून दिलेल्या चष्म्याच्या घरात, तो चष्मा. बाई चहाबरोबर बशीत अळूवड्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “खा. वाफवलेल्या होत्याच, तळल्या.”

आम्ही रविवारी सकाळी खेळ म्हणून जे जे बोललो होतो ते सगळं त्या घरात होतं. बाईंनी आमचं एकेक वाक्य घरी नेऊन खरं करून ठेवलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. घरचा फोन, तारेचा, तबकडीचा नाही पण तितकाच जुना. दोनदा वाजला. बाईंनी लंगडत जाऊन उचलला आणि “हॅलो” न म्हणता नुसतं “हं” म्हटलं. मग शांत, रोजच्या आवाजात बोलू लागल्या. “चष्मा घट्ट करून आणलाय हं. नाकाला टोचायचं ना, ते पॅडही बदललेत. फडताळावर आहे, वरच्या.” थांबल्या. मी शेजारीच होतो, मला रिसीव्हरमधली खरखर ऐकू येत होती. बाकी काही नाही. “पाऊस आहे इथे. बरं,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बाईंनीच सांगितलं, चहा निववत.

मुलगा केदार. पंचविशीतला. केमिकल कंपनीत नोकरीला होता, ती सोडून आला आणि घरात गप्प बसून राहायचा. “मी हात धुऊन त्याच्या मागे लागायची. काय झालंय, खरं काय ते सांग. तो म्हणाला, भूक लागली, की मी विचारायची, नुसती भूक का? एकदा चिडून म्हणाला, आई, मला भूक लागली म्हणजे भूकच लागलेली असते. तू माझ्या प्रत्येक वाक्याचं पोट फाडतेस.” बाई थोडं हसल्या. “वाक्य चांगलं होतं. मी त्याला तसं सांगितलं पण.”

आणि मग एका सकाळी तो बॅग घेऊन दारात उभा राहिला.

“म्हणाला, आई, जातो मी. आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, जातो नाही म्हणू रे, येतो म्हणावं. कुठलीही आई म्हणते तसं. तो म्हणाला, जातो. मी परत म्हटलं, अरे, येतो म्हण. त्याने माझ्याकडे बघितलं आणि तिसऱ्यांदा म्हणाला, जातो. जन्मभर लोकांच्या पोटातलं ओळखलं मी, चष्मेवाल्या. आणि माझा मुलगा, माझ्यासमोर, जे पोटात तेच ओठांनी सांगत होता, तर मी त्याचा शब्द दुरुस्त करत बसले. त्याचा हात धरायचा होता तेव्हा.”

बाई रडल्या नाहीत. बशी माझ्याकडे सरकवली.

पोलीस, नातेवाईक, मित्र, सगळं करून झालं होतं. मोबाइल नंबर त्याने बंद केला होता. मग काही महिन्यांनी घरचा फोन वाजायला लागला. उचलला की पलीकडे कुणी बोलत नसे. बाईंची खात्री पटली की तोच आहे. पहिल्या फोनला त्या ‘ये, ये रे, घरी ये’ म्हणून रडल्या, तर फोन कट झाला आणि पुढे कितीतरी दिवस वाजला नाही. तेव्हापासून त्यांनी तो शब्द सोडला. “बोलवलं की तो पळतो. म्हणून न बोलवता बोलवायचं. पण एकटीला किती सुचणार? माझं सगळं बोलून झालं. मग तुम्हाला खेळायला लावलं.” मग शिक्षिकेच्या आवाजात म्हणाल्या, “खोटं मात्र त्याला एक अक्षर बोलायचं नाही. म्हणून हे सगळं.” त्यांनी चपलांकडे हात केला.

मी उठणार एवढ्यात टेलिफोन खात्याचा माणूस आला. शेजारच्यांनी तक्रार केली होती. त्याने बाहेरची पेटी उघडली, बाईंचा फोनही तपासला आणि म्हणाला, “बाई, तुमच्या लाइनला पण फॉल्ट आहे. खाली जॉइंटमध्ये पाणी जातंय. मध्येच रिंग वाजते का? उचलल्यावर खरखर?”

“वाजते,” बाई म्हणाल्या.

“तेच. पाण्याने आपोआप वाजते ती. समोर कोण नसतं. करून देतो आता, पाच मिनटांचं काम आहे.”

मला वाटलं, आता या बाई मोडणार.

“त्यांचा करा,” बाई म्हणाल्या. “माझा राहू दे तसाच.”

“अहो, पण फुकट त्रास...”

“राहू दे रे बाळा. चहा घेणार?”

तो गेल्यावर मी न राहवून म्हणालो, “बाई, तुम्हाला माहीत होतं?”

“मागच्याही लाइनमनने हेच सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “पण शंभरात एखादा फोन त्याचा असला तर? मला कसं कळणार तो कुठला? म्हणून सगळ्यांशी बोलते.”

पुढच्या रविवारी मी वर्गाला गेलो. बाईंनी खुर्ची मांडली. आता मला ठाऊक होतं की त्या खुर्चीत खरं कोण बसलेलं असतं आणि आमचं वाक्य कुठे जाणार आहे. मी कुणाला काही बोललो नाही, पण मीठ मागण्याइतकंही खोटं बोलणं मला त्यानंतर जमेना. रात्री झोपताना वाक्यं सुचायची. तुझ्या मापाचा शर्ट इस्त्री करून आणलाय. बाल्कनीतल्या कबुतरांनी पिल्लं काढलीत. दुसऱ्याच्या मुलाला बोलवण्यासाठी मी एवढा झुरलो, तेवढा स्वतःच्या कामासाठी कधी झुरलो नाही.

मग इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. सगळ्यांनी सह्या केल्या, बाई सोडून. लोक बोलू लागले, म्हातारीला जास्त जागा हवी असेल. सेक्रेटरी मला ओळखायचे, मला म्हणाले, “तुम्ही समजवा हो त्यांना. बोलतात, फोनचा नंबर बदलेल! आज कोण लँडलाइन वापरतंय?” मी काय समजावणार होतो? केदारला तो एकच नंबर पाठ होता. एक दिवस वरच्या मजल्यावर स्वयंपाकघरात छताचा पोपडा कोसळला. खाली पोळपाटावर पोळ्या लाटणारी त्या घरातली सून थोडक्यात वाचली. बाईंनी त्याच संध्याकाळी सही केली. “माझी वाट बघून होईल कुठेही. तिच्या डोक्यावर नको,” म्हणाल्या.

बाई ठाण्याला कोपरीत बहिणीकडे गेल्या आणि नवी इमारत उभी राहायच्या आधी तिथेच वारल्या. वर्ग बंद पडला. केदार आला नाही. आला असता तर तो चष्मा माझ्या खणात नसता. कोपरीला मी त्यांना दोन-चारदा भेटलोही, पण बाई म्हटलं की मला दिसतात त्या घर सोडायच्या दिवशीच्या.

सामान टेम्पोत चढत होतं. खोल्या रिकाम्या, भिंतींवर कॅलेंडरच्या जागी पांढरे चौकोन. बाईंनी चपलांचा जोड वर्तमानपत्रात गुंडाळून स्वतःच्या पिशवीत घातला. चष्मा माझ्या हातात दिला. “तू म्हणाला होतास ना, दुकानात ठेवलाय म्हणून. आता तिथेच राहू दे, म्हणजे ते खरं होईल. दुकान त्याला माहीत आहे. पहिला चष्मा तुझ्या वडिलांनीच करून दिला होता त्याला. दुसरीत होता.”

फोनचं टेबल खाली गेलं होतं. फोन जमिनीवर होता आणि त्याची तार भिंतीपासून हातभर अंतरावर कापलेली. बाई हळूहळू खाली बसल्या, कॅनव्हासचे बूट एका बाजूला घेऊन, आणि रिसीव्हर उचलून कानाला लावला.

“बाई, लाइन कापलीय,” मी म्हणालो.

“दिसतंय मला.”

मी मनात वाक्यं शोधत होतो, एखादं चांगलं सुचलं तर हळूच सांगावं म्हणून. पंखा नव्हता, फडताळ नव्हतं, खरं करून दाखवता येईल असं त्या घरात काही उरलं नव्हतं. निघते म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. तो त्यांचाच नियम होता.

“केदार,” त्या म्हणाल्या, “येते हं.”

रिसीव्हर नीट जागेवर ठेवला आणि उठायला माझ्यापुढे हात केला. मी हात दिला. खालून टेम्पोवाला हाका मारत होता. बाहेर पडल्यावर बाईंनी कुलूप लावलं नाही, दार नुसतं लोटून घेतलं.